चर्चा: ग्रीक देवांची घरगुती पूजा मूळ ग्रंथांवरून शिकावी की आजच्या हँडबुकांवरून?

त्रिपथा (धागाकर्ती)

मुद्दा सरळ मांडते. प्राचीन ग्रीक देवांची पूजा कुणाला आज मनापासून करायची असेल, तर सुरुवात प्राचीन मजकुरापासून करावी. 'नवशिक्यांसाठी' छापाची पुस्तकं नंतर. त्यांत विक्का (आधुनिक जादूटोण्याचा पंथ), पुराणकथा आणि इंटरनेटवरची ऐकीव माहिती यांची खिचडी असते.

हेकाटी या चौरस्त्यांच्या आणि जादूच्या देवीचंच घ्या. तिला कुमारी-माता-वृद्धा अशा तीन वयांत दाखवणारी चित्रं सगळीकडे दिसतात. प्राचीन हेकाटी तीन देहांची आहे खरी, पण तिन्ही तरुणीच. ते वयांचं त्रिकूट रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या १९४८ च्या 'द व्हाइट गॉडेस'मुळे पसरलं. 'धर्माचे चार स्तंभ' म्हणून खारिस (देव-माणसांतली देवघेव), क्सेनिया (पाहुणचार) वगैरे यादी फिरते, त्यातले शब्द प्राचीन आहेत, चौकट आजची.

म्हणून क्रम असा: पार्श्वभूमीला वाल्टर बुर्कर्टचं 'ग्रीक रिलिजन' (इंग्रजीत १९८५), मग प्राचीन कवी हेसिओड आणि होमरिक स्तोत्रं (होमरच्या नावावरची प्राचीन देवस्तोत्रं), मग शिलालेख. लिएज विद्यापीठाचा 'कलेक्शन ऑफ ग्रीक रिच्युअल नॉर्म्स' हा विधींविषयीच्या शिलालेखांचा संग्रह फुकट वाचता येतो, इंग्रजी आणि फ्रेंच भाषांतरासकट. त्यात एर्खिया या अथेन्सच्या परिसरातल्या गावाचं इ.स.पू. चौथ्या शतकातलं बळींचं वेळापत्रक बघा. तारीख, देव, जागा, जनावर, किंमत, आणि मधेच 'मांस बाहेर न्यायचं नाही' अशी तंबी. धर्म प्रत्यक्षात कसा चालायचा, ते या एका दगडावरून जितकं कळतं तितकं दहा हँडबुकांतून कळत नाही.

जवसातू

असहमत. डुकराच्या पिल्लाला ३ द्राख्मा पडायचे, हे कळून दुसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत करायचं काय?

शिलालेख गावाचे आणि देवळांचे. घरातलं कुणी दगडावर कोरून ठेवत नव्हतं. घरगुती पूजेबद्दलचा मजकूर शोधायला गेलं की हाती येतो विनोद! थिओफ्रास्टसच्या व्यक्तिचित्रांमधला अंधश्रद्धाळू माणूस महिन्याच्या चौथ्या आणि सातव्या दिवशी मर्टलच्या डहाळ्या, धूप आणि पोळ्या आणतो, ती टवाळी आहे. हेकाटीला महिनाअखेर ठेवायच्या जेवणाचा ठळक पुरावा अ‍ॅरिस्टोफनीसच्या 'प्लूटोस'मधला, म्हणजे विनोदी नाटकातला. संदर्भ न बघता त्यातली एखादी ओळ उचलली की चेष्टेचा विधी होतो.

अथेन्समधल्या 'लाब्रिस'सारख्या समूहाने घरगुती पूजेवर पुस्तक काढलंय. तिथले लोक हे रोज करतात. नवख्याला आधी क्रम हवा: हात धुणं, पाणी शिंपडणं, पहिलं अर्पण चुलीची देवी हेस्तियाला, जवाचे दाणे, स्तोत्र, धूप, ज्या देवाची पूजा त्याला अर्पण, प्रार्थना, शेवट पुन्हा हेस्तिया.

त्रिपथा

आणि यातलं पहिलं-शेवटचं हेस्तियाला, हे आलं कुठून? एकोणतिसाव्या होमरिक स्तोत्रातून. हात धुणं हेसिओडकडून: न धुतल्या हातांनी पहाटे झ्यूसला वारुणी ओतू नका, देव ऐकत नाहीत, प्रार्थना थुंकून टाकतात. मूळ वाचलं नाही तर हँडबुकातलं कुठलं कलम प्राचीन आणि कुठलं लेखकाच्या पदरचं, हे ओळखणार कसं?

धुनी

साहित्याबद्दल थोडं, कारण भारतात घोळ तिथे होतो.

पवित्र पाण्यासाठी (खेर्निप्स) 'पेटलेलं बे-लीफ (लॉरेलचं पान) पाण्यात विझवा' असं वाचून लोक तमालपत्र वापरतात. ते लॉरेल नव्हे, दालचिनीच्या जवळच्या झाडाचं. तमालपत्रावर देठाकडून टोकाकडे तीन ठळक शिरा असतात, लॉरेलला मधली एकच.

'फ्रँकिन्सेन्स' म्हणून दुकानात लोबान देतात, तो बहुधा बेंझॉइन, म्हणजे वेगळ्याच झाडाचा डिंक, असतो. आपल्याकडचा जवळचा भाऊबंद सालईचा डिंक, बोस्वेलिया सेराटा. कोळशाच्या वडीवर पांढरी राख धरेपर्यंत थांबा आणि हरभऱ्याएवढाच खडा टाका. घाई केली की डिंक जळून करपट धूर होतो.

जवसातू

हे मात्र गंमतशीर. मूळ-मूळ करणाऱ्यांनीच बघावं: प्राचीन लेखक अथेनेयस खेर्निप्सची व्याख्या देतो, 'वेदीवरचं जळतं लाकूड बुडवलेलं पाणी'. त्यात लॉरेल कुठाय? घरात निरांजनावर पेटवलेली कोरडी काडी पुरते. तमालपत्राचा वाद मुळातच फोल.

धुनी

मान्य. लोबानाचा मुद्दा तरी उरतो. ऑर्फिक स्तोत्रांत (ऑर्फियसच्या नावावरची, ८७ आहेत) बहुतेक शीर्षकांखाली धूप नेमून दिलाय. पण ती आशिया मायनरमधल्या एका पंथाची, रोमन काळातली मानली जातात. अभिजात अथेन्सची पोथी म्हणून वापरू नका. आणि थिओई या ग्रीक पुराणकथांच्या संकेतस्थळावर दिसतं ते थॉमस टेलरचं अठराव्या शतकातलं यमकबद्ध भाषांतर. झ्यूसचा ज्युपिटर तिथेच होतो. अथानासाकिसचं घ्या.

पंचांगी

तारखांचं कुणी बोललं नाही. अमेरिकी संस्थांची कॅलेंडरं डोळे झाकून वापरू नका. ग्रीक महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, ती पश्चिमेकडे आधी दिसू शकते, एका दिवसाचा फरक सहज पडतो.

आपला अमान्त महिना इथे कामी येतो. अमावास्येला हेकाटीचं दैप्नॉन (ते महिनाअखेरचं जेवण). मग पंचांगात 'चंद्रदर्शन' लिहिलेल्या संध्याकाळी नूमेनिया (महिन्याचा पहिला दिवस) सुरू, कारण ग्रीक दिवस सूर्यास्ताला बदलतो. दुसरा दिवस आगाथोस दैमोन या घराच्या शुभ आत्म्याचा, सहावा आर्टेमिसचा, सातवा अपोलोचा. महिन्यांची नावं मात्र जुळवू नका: अथेन्सचा अधिक महिना बहुधा सहाव्या महिन्यानंतर, म्हणजे पोसैदेऑननंतर यायचा, आपला वेगवेगळ्या महिन्यांत येतो.

जवसातू

चंद्रदर्शनाचा इतका काटेकोरपणा अथेन्सनेही पाळला नाही. अधिकारी मधे दिवस घुसवायचे, अ‍ॅरिस्टोफनीसच्या 'क्लाउड्स' नाटकात चंद्र त्याचीच तक्रार करतो. एक पद्धत धरा आणि बदलू नका.

त्रिपथा

तसंही चालेल, फक्त 'ही आमची सोय' असं लिहून ठेवा. झ्यूस क्टेसिऑस, म्हणजे घरच्या साठ्याचा रक्षक झ्यूस, याच्या बरणीचं बघा. अथेनेयसने जपलेल्या उताऱ्यात दोन कानांचं झाकणाचं भांडं आहे, कानांना पांढरी लोकर, आत शुद्ध पाणी, ऑलिव्ह तेल, तऱ्हेतऱ्हेची फळं. केशरी धाग्याचा उल्लेख येतो तिथे मजकूर तुटलाय. तो कसा बांधायचा ते जो ठामपणे सांगतो, तो स्वतःचं सांगतोय. आणि ताजी फळं मुंबईच्या दमटात आठवड्यात आंबतात, वायू धरून झाकण उचलतं. सुकी धान्यं घाला, वरची तिसरा हिस्सा जागा मोकळी ठेवा, अमावास्येला रिकामी करा. हे शेवटचं वाक्य आजचं, उताऱ्यात नाही.

जवसातू

म्हणजे हँडबुक तुम्हीच लिहिलंत की!

त्रिपथा

लिहिलं, पण कुठली ओळ कुणाची हे सांगून.