अनुभव धागा: ठरलेला वार आणि जुने सोबती

पुणे, वय ५४ (धाग्याची सुरुवात)

आमच्या रविवारच्या सिंहगडाला यंदा २२ वर्षे झाली. सुरुवातीला आम्ही नऊ जण होतो, सगळे एकाच वसतिगृहातले; आज नियमाने येणारे पाच आहेत. पहाटे साडेपाचला आतकरवाडीत गाड्या लावायच्या, पायवाटेने पुणे दरवाजा गाठायचा, देवटाक्यापाशी थोडे बसायचे, मडक्यातले दही खायचे आणि उन्हे चढायच्या आत खाली उतरायचे, एवढाच आमचा कार्यक्रम आहे. तिशीत मी ही वाट ५० मिनिटांत चढत असे. आता सव्वा तास लागतो, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही, कारण धाप कमी लागावी म्हणून आम्ही जे थांबे घेऊ लागलो त्या थांब्यांवरच आमचे खरे बोलणे होते.

इतकी वर्षे हे टिकले याचे कारण मला एकच दिसते. "उद्या येणार का?" असा फोन आमच्यात कोणी कोणाला करत नाही. वार ठरलेला, वेळ ठरलेली, वाट ठरलेली. जो येईल तो येईल, न आल्याबद्दल कोणी जाब विचारणार नाही. मात्र कोणी सलग तीन रविवार दिसला नाही, तर चौथ्या आठवड्यात दोघांनी त्याच्या घरी जायचे. या नियमामुळेच एका मित्राची नोकरी गेल्याचे आम्हांला कळले. तेव्हा तो ४७ वर्षांचा होता आणि घराबाहेर त्याने कोणालाच काही सांगितले नव्हते. आम्ही त्याला सल्ला दिला नाही, चहा घेतला आणि निघालो. पुढच्या रविवारी मात्र त्याला घरून सोबत घेऊनच गडावर गेलो. अर्ध्या चढावर तो स्वतःहून बोलू लागला. चढताना माणूस वाटेकडे पाहत बोलतो, समोरच्याच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून काही गोष्टी तिथेच बोलता येतात.

चाळिशीनंतर शरीर चालते ठेवणे आणि जुनी माणसे धरून ठेवणे, या दोन गोष्टींची सांगड आपण कशी घातलीत, हे मला आपल्याकडून जाणून घ्यायचे आहे. जिथे जमले नाही, तेही अवश्य लिहावे.

डोंबिवली, वय ५७

आमची मैत्री फलाटावर जमली. सकाळच्या एकाच लोकलच्या महिलांच्या डब्यात आम्ही अकरा जणी १९ वर्षे एकत्र प्रवास करत होतो. त्या डब्यात भाजी निवडून झाली, भिशी चालली, संक्रांतीचे वाण लुटले गेले, दसऱ्याला झेंडूच्या माळा लागल्या. एकीच्या मुलीचे लग्न तर तिथेच जुळले. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. पुढे ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली, परंतु तोवर दोघींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, तिघींचे काम घरूनच होऊ लागले होते आणि एकजण मुलाकडे बंगळूरुला गेली होती. गाडी परत आली, आमचा डबा मात्र परत भरला नाही.

आपल्या ठरलेल्या वाराबद्दल वाचले तेव्हा लक्षात आले की आमचा वार रेल्वेचे वेळापत्रक ठरवत होते. भेटण्यासाठी आम्हांला कधी वेगळे काही करावेच लागले नव्हते, त्यामुळे ते कसे करायचे हेही आम्ही शिकलो नव्हतो. दुसरी गोष्ट शरीराची. रोज पुलाच्या पायऱ्या चढणे, उतरणे आणि स्थानकापासून कार्यालयापर्यंत चालणे, यालाच मी दगदग म्हणत आले. ती थांबली आणि दीड वर्षात माझे वजन नऊ किलोंनी वाढले, रक्तात साखर निघाली.

नंतरच्या एका दिवाळीत, पहाटे फडके रोडवर, जिथे सगळे डोंबिवली नटून भेटायला येते, तिथे आमच्यातल्या चौघी अचानक समोरासमोर आल्या. मला रडू आवरले नाही. तिथेच ठरले की दर शनिवारी सकाळी सहा वाजता गणेश मंदिरापाशी जमायचे आणि पूल ओलांडून पश्चिमेला भागशाळा मैदानापर्यंत चालत जायचे. पहिल्या शनिवारी निम्म्या वाटेवर एक मैत्रीण थांबून म्हणाली, "अगं, आपण इतक्या भरभर का चाललोय? आज गाडी चुकणार नाहीये." आता आम्ही सात जणी आहोत. पुलाच्या पायऱ्या आम्ही मुद्दाम दोनदा चढतो.

सोलापूर, वय ४९

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी कामाचे थोडे लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. पहिला भाग लोकांना पाठ असतो, दुसरा कोणी सांगितलेलाच नसतो. वय वाढते तसे स्नायू हळूहळू घटत जातात, आणि स्त्रियांमध्ये पाळी थांबण्याच्या सुमारास हाडांचा ठिसूळपणा वेगाने वाढू लागतो. नुसत्या चालण्याने ही घट पुरेशी थांबत नाही. गडावर जाणाऱ्यांना एवढेच सांगेन की चढण्याची तयारी सगळे करतात, उतरण्याची कोणी करत नाही. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच भार पेलावा लागतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे कठीण होते आणि गुडघ्यांनाही त्याचा त्रास होतो. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा-दहा वेळा उठबस केली, तरी बराच फरक पडतो. छातीत दडपण आले किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर मात्र तिथेच थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. सोबतच्यांचा खोळंबा होईल या संकोचाने चालत राहू नये.

आता माझी गोष्ट. माझी शाळेतली मैत्रीण शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी एका वास्तुशांतीला आम्ही पंगतीत शेजारी बसलो होतो. जेवण झाल्यावर तिला जमिनीवरून उठता येईना. माझा हात धरून ती उठली आणि "आता टेबलावरच वाढून घेत जाईन" असे म्हणाली. जिच्याबरोबर मी लंगडी खेळले, त्या मैत्रिणीने पंचेचाळिशीतच पंगत सोडून द्यावी, हे मला सहन झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या मागे लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही सिद्धेश्वर तलावाकडे फिरायला जातो आणि फिरून झाले की बाकावर उठबस करतो. पहिला महिना ती केवळ माझ्या भिडेखातर येत होती, हे मला माहीत होते. चपला घालून चालण्याचा तिचा हट्ट मोडायलाही तेवढेच दिवस लागले. चार महिन्यांनी महालक्ष्मीच्या जेवणाला ती मांडी घालून बसली आणि कोणाचाही हात न धरता उठली. उठल्यावर तिने घरात इतर कोणाकडे न पाहता माझ्याकडे पाहिले.

कोल्हापूर, वय ५१

आम्ही एका तालमीतले सहा जण. तिशीत माती सुटली, पण एकमेकांना सोडायचे नाही म्हणून २००९ पासून दर जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड ही वाट चालायची असे ठरवले. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू आणि बांदलांच्या सेनेने ज्या पावसात खिंड लढवली, तोच आषाढातला पाऊस, मसाई पठारावरचे तसेच धुके, आणि पुढे पांढरपाणीपर्यंत नुसता चिखल. अंतर सुमारे ५० किलोमीटर. आम्ही ते दोन दिवसांत चालतो, मुक्काम वाटेतल्या एखाद्या वाडीत. वर्षातून एकदाच जायचे असले तरी तयारी अक्षय्य तृतीयेपासून सुरू होते आणि संध्याकाळी रंकाळ्याच्या फेऱ्या चालू होतात. वर्षाची भेट म्हणजे खरे तर दोन-अडीच महिन्यांची सोबत होते, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

आमच्यात एकाचा यंत्रमाग आहे, एक साखर कारखान्यात आहे, दोघे शेतकरी आहेत, आणि एकावर इतके कर्ज झाले होते की मधली दोन वर्षे तो आमच्यासमोर यायला संकोचत होता. माणसे दुरावतात ती भांडणाने कमी आणि अशा संकोचाने जास्त, असे माझे मत झाले आहे. हॉटेलात भेटायचे ठरवले असते तर तो आला नसता. चालायला पैसे लागत नाहीत, म्हणून तो आला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या आमच्या एका मित्राच्या घरात माळ्यापर्यंत पाणी गेले. पाणी ओसरल्यावर आम्ही पाच जण फावडी घेऊन गेलो आणि चार दिवस गाळ काढत राहिलो. जनावरे गेली होती, भांड्यांत गाळ बसला होता, लग्नातले फोटो भिंतीला चिकटून राहिले होते. दोन्ही वेळची भाकरी आम्ही घरून बांधून नेत होतो. यातला एकही जण रोज व्यायाम करणारा नसता, तर चार दिवस तसे काम झाले नसते.

आता एकाचा गुडघा साथ देत नाही. तो चालत नाही, पण टेम्पो घेऊन जेवणासह पांढरपाणीला आमच्या आधी पोहोचतो. मंडळी आजही सहाच आहेत.

सान होजे, कॅलिफोर्निया, वय ५०

माझा सोबती नागपुरात आहे आणि आमच्यात साडेबारा तासांचे अंतर आहे. मी शनिवारी संध्याकाळी सहा वाजता घराबाहेर पडतो, तेव्हा त्याच्याकडे रविवारची सकाळ साडेसहाची असते आणि तो अंबाझरी तलावाकडे निघालेला असतो. कानात फोन असतो आणि आम्ही दोघेही चालत असतो. नोव्हेंबरमध्ये इथली घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा माझे सहा तेच राहतात आणि त्याचे साडेसात होतात. मार्चमध्ये ते पुन्हा साडेसहावर येतात. थंडीत त्याला तासभर जास्त झोप मिळते आणि उन्हाळ्यात ऊन तापण्याआधी तो घरी पोचतो. नागपूरच्या ऋतूंना इतका सोयीचा बदल आम्ही ठरवूनही केला नसता.

त्याआधीची दहा-बारा वर्षे आम्ही वाढदिवसाला एक संदेश पाठवण्यापुरते उरलो होतो. २०२४ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन इथे सान होजेत झाले. आजूबाजूला हजारो मराठी माणसे होती आणि तरीही माझी ज्याच्याशी बोलण्याची इच्छा होती तो तिथे नव्हता. त्या रात्री मी त्याला फोन केला. चालताना बोलायचे ही कल्पना त्याची. घरी बसून बोललो की आम्ही पाच मिनिटांत "बाकी काय?" वर येत असू, चालताना त्याच्याकडचा कोकीळ ऐकू येतो, कोणीतरी त्याला "राम राम भाऊ" म्हणते, तो मध्येच मला तलावात किती पाणी आहे ते सांगतो, आणि तासभर कसा गेला ते कळत नाही. माझे वडील गेले तेव्हा मला वेळेत पोहोचता आले नाही. त्यांच्या दिवसांत तो नागपुरातल्या आमच्या घरी रोज जाऊन बसत होता.

रत्नागिरी, वय ५२

जमले नाही तेही लिहा म्हणालात, म्हणून लिहितो. आमच्या दहावीच्या वर्गाचा गट झाला, ८४ जण सापडले, ३० वर्षांनी मोठे स्नेहसंमेलन झाले, शिक्षकांचे सत्कार झाले. सहा महिन्यांत गटात सुप्रभाताची चित्रे उरली आणि पुढे निवडणुकीवरून दोन जिवलग मित्र एकमेकांना कायमचे तोडून बसले. ते दोघे लहानपणी भाट्याच्या किनाऱ्यावर रोज एकत्र धावत असत. त्यांना पुन्हा एकदा तिथे नेण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आहे. तिसऱ्यांदा करणार आहे.

नाशिक, वय ५६

आम्ही तिघे मित्र बुधवार आणि रविवार पांडवलेणी चढत होतो. चार वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाच्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. त्याचे येणे बंद झाले. सुरुवातीला आम्ही दोघे ठरलेल्या दिवशी जात राहिलो आणि परतताना त्याच्या दाराशी पाच मिनिटे उभे राहू लागलो. आपण ताजेतवाने होऊन यायचे आणि रात्रभर जागलेल्या माणसाच्या उंबऱ्यावर उभे राहून "कसं चाललंय?" विचारायचे, याची हळूहळू मनाला टोचणी लागली. इथल्या पुणेकरांनी लिहिले की वाट ठरलेली असावी. आमचा अनुभव असा की वार ठरलेला असावा, वाट मात्र बदलता यायला हवी.

बुधवारचा डोंगर आम्ही सोडला आणि त्या दिवशी सकाळी त्याच्या गच्चीवर सूर्यनमस्कार घालायला जाऊ लागलो. तिची खाट गच्चीला लागून असलेल्या खोलीत, दाराजवळ हलवली. आम्ही मोठ्याने आकडे म्हणत नमस्कार घालत होतो. महिना-दीड महिन्याने एके दिवशी तिने आतून "चार" म्हटले. आम्ही तिघेही थांबलो. तिच्या वाचोपचार तज्ज्ञांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी आकडे तिलाच म्हणू द्या असे सुचवले.

तेव्हापासून मोजणी तिच्याकडे आहे. कधी सात नंतर नऊ येतो, कधी एकच आकडा दोनदा येतो. जो येईल तो आम्ही धरतो. कधी शब्द ओठांवर येऊन अडतो, तेव्हा तिचा चेहरा लाल होतो, आणि पुढचा आकडा येईपर्यंत आम्ही तिघे हात जोडून पूर्वेकडे तोंड करून उभे राहतो. गेल्या बुधवारी ती चोविसापर्यंत पोहोचली.