घरी जमणारे तंत्र माणसांसमोर का निसटते? (तोतरेपणाविषयी प्रश्न)

शब्दयात्री:

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. मोठा झालास की आपोआप सुटेल, असे सगळे सांगत असत. तसे झाले नाही, आणि आता नोकरीत दर आठवड्याला सहकाऱ्यांसमोर कामाचा आढावा मांडण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. स्पीच थेरपीत शिकलेली तंत्रे मी नियमाने करतो: सावकाश बोलणे, शब्दाची सुरुवात हलक्या आवाजाने करणे, दोन-तीन शब्दांनंतर थांबणे. खोलीत एकटा असताना हे सर्व उत्तम जमते. पानेच्या पाने मोठ्याने वाचली तरी मी क्वचितच अडतो. परंतु बैठकीत माझी पाळी आली किंवा फोनवर कोणी नाव विचारले की गळा आवळल्यासारखा होतो, आवाजच फुटत नाही, डोळे मिटले जातात आणि शिकलेले काहीही आठवत नाही. अवघड शब्द येणार हे आधीच कळते, म्हणून मी तो बदलतो किंवा वाक्यच फिरवतो. स्वतःचे नाव मात्र बदलता येत नाही.

माझे तंत्र चुकते आहे की सराव कमी पडतो आहे? आणि सहकाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे का? सांगितल्यास माझ्या कामाच्या क्षमतेविषयीच त्यांना शंका येईल, अशी भीती वाटते.

वाचासोबती:

मी वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देते. तुमचे तंत्र चुकत नाही आणि सरावही कमी नाही. तो फक्त अशा ठिकाणी होतो आहे जिथे त्याची गरजच पडत नाही. एकट्याने बोलताना, गाताना किंवा दुसऱ्याबरोबर एका सुरात वाचताना बहुतेक तोतऱ्या व्यक्ती जवळजवळ सहज बोलतात. एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचला तरी अडखळणे कमी होत जाते. म्हणून बंद खोलीतील अस्खलित वाचनावरून तंत्र अंगवळणी पडले आहे की नाही, हे ठरवता येत नाही.

तोतरेपणा भित्रेपणातून किंवा बुद्धीच्या कमतरतेतून येत नाही. तो बहुधा २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि बोलण्यासाठी लागणाऱ्या सूक्ष्म हालचालींची वेळ साधणाऱ्या मेंदूतील यंत्रणेशी त्याचा संबंध आहे. बहुतेक मुलांमध्ये तो पुढे नाहीसा होतो. प्रौढांपैकी साधारण १ टक्का लोकांमध्ये टिकून राहतो. भीती हे त्याचे मूळ नसले, तरी अडकण्याच्या भीतीने गळ्याचे व ओठांचे स्नायू आधीच ताठरतात, आणि तो ताण मूळ अडथळ्यात भर घालतो. तुम्ही वर्णन केलेल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे आवाजच न फुटता अडकून राहण्यात, नेमके हेच घडते: स्वरतंतू घट्ट मिटलेले असतात आणि माणूस खालून आणखी जोर लावतो, त्यामुळे ते अधिकच घट्ट होतात.

अशा वेळी न अडकण्याच्या तंत्रापेक्षा अडकल्यावर काय करायचे याचे तंत्र अधिक उपयोगी पडते. चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५–१९९४) हे अमेरिकेतील वाचा-उपचारतज्ज्ञ स्वतः तोतरे होते आणि त्यांनी हा मार्ग घडवला. त्यांचा क्रम उलटा वाटतो, पण त्यामागे विचार आहे. प्रथम अडकलेला शब्द कसाही पूर्ण करायचा, मग दोन-तीन सेकंद मुद्दाम थांबून ताण कुठे होता हे जाणवून घ्यायचे, आणि तोच शब्द पुन्हा सैलपणे उच्चारायचा. हे जमू लागले की पुढची पायरी: शब्दाच्या मध्येच ब्लॉक पकडायचा, जोर लावणे थांबवायचे आणि दाब हळूहळू कमी करत पुढच्या ध्वनीवर सरकायचे. शब्दाच्या आधीच सैल सुरुवातीची तयारी करणे ही सर्वांत शेवटची पायरी आहे. तुम्ही थेट त्या शेवटच्या पायरीवरून सुरुवात केली आहे, म्हणून दडपणाखाली हातात काहीच उरत नाही.

उच्चाराविषयीही थोडे लिहिते. ‘प’ किंवा ‘ब’ म्हणताना ओठ घट्ट दाबू नयेत, नुसते टेकवावेत. ‘त’ किंवा ‘क’ म्हणताना जीभही तशीच हलकी लागावी. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी किंचित श्वास बाहेर सुटू द्यावा आणि त्यावरच आवाज चढवावा. बोलण्यापूर्वी छातीभर श्वास घेऊन तो रोखण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी, कारण रोखलेल्या श्वासाने गळा आधीच बंद होतो.

मोकळा_सूर:

मीही तोतरा आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. पण त्याआधी, तुम्ही सहज लिहून गेलात ते शब्द बदलण्याविषयीचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. टाळलेल्या प्रत्येक शब्दाची भीती वाढते, आणि काही काळाने टाळायच्या शब्दांची संख्या इतकी होते की जे सांगायचे होते ते बाजूला राहून जे उच्चारता येईल तेच माणूस सांगू लागतो. ऐकणाऱ्याला तुमचे अडखळणे कदाचित दिसत नाही. पण गोलगोल फिरणारे वाक्य ऐकून या माणसाला विषयाची माहिती नाही, असे त्याला वाटू शकते. क्षमतेविषयी शंका येण्याची जी भीती तुम्ही व्यक्त केली आहे, ती लपवण्यामुळेच खरी ठरण्याचा धोका अधिक आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की सांगावे. आढाव्याच्या सुरुवातीला एवढे पुरते: “मी कधी कधी अडखळत बोलतो. मी थांबलो तर थोडा वेळ द्या, वाक्य मीच पूर्ण करीन.” यात क्षमायाचनेचा सूर नसावा, कारण क्षमा मागण्यासारखे काही घडलेलेच नसते. हे वाक्य बोलताना अडकलात तरी चालेल.

दुसरी गोष्ट म्हणजे मुद्दाम अडखळणे. जो शब्द तुम्हाला सहज येतो, त्याचा पहिला ध्वनी स्वतःहून, सैलपणे दोन-तीनदा म्हणायचा, समोरच्याकडे पाहत. याची सुरुवात घरातल्या माणसापासून करावी, मग फोनवर अनोळखी व्यक्तीला एखाद्या कार्यालयाची वेळ विचारावी, मग बैठकीत एखादा छोटा प्रश्न विचारावा, आणि त्यानंतर आढाव्याकडे वळावे. एका पायरीवरची धडधड पुरेशी कमी झाल्याशिवाय पुढच्या पायरीची घाई करू नये. ज्याला आपण अडखळताना दिसणे सहन होते, त्याच्यावर ब्लॉकची पकड सैल होऊ लागते. हे मी स्वतः अनुभवले आहे.

शब्दयात्री:

दोन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. आणखी विचारायचे आहे. मुद्दाम अडखळताना खराच ब्लॉक आला तर काय करावे? आणि सर्वांनी क्रमाने ओळख करून देण्याचा प्रसंग असला, तर माझी पाळी येईपर्यंत मला इतरांचे बोलणेही ऐकू येत नाही. त्यावर काही उपाय आहे का?

वाचासोबती:

खरा ब्लॉक आला तर सरावासाठी तो योग्यच प्रसंग आहे. तेथेच जोर सोडून शब्दातून सरकण्याचा प्रयत्न करावा. तो फसला तर शब्द पूर्ण करून, थांबून, पुन्हा म्हणावा. ओळखीच्या प्रसंगी शक्य असेल तर पहिल्यांदा स्वतःच बोलावे, कारण वाट पाहण्यातच सर्वांत जास्त ताण साठतो. मनात नावाची उजळणी करू नये. ‘म्हणजे’, ‘तर’ असे शब्द नावाआधी जोडून काहींना तात्पुरती सुटका मिळते, परंतु हळूहळू त्या शब्दांशिवाय सुरुवातच करता येत नाही. त्यामुळे मी तो मार्ग सुचवत नाही.

दीर्घस्वर:

वरील सल्ल्याशी मी बराचसा सहमत आहे, तरीही सावकाश आणि सलग आवाजात बोलण्याचे तंत्र एवढ्यात बाजूला ठेवू नये, असे मला वाटते. आढाव्यासारख्या ठरलेल्या भाषणात त्याचा मला चांगला उपयोग होतो. मी पहिली दोन वाक्ये स्वर लांबवत, शब्द एकमेकांत मिसळत बोलते. एकदा वेग ताब्यात आला की पुढचे बोलणे बरेचसे त्याच लयीत चालते. भाषण शब्दशः पाठ करू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे. पाठ केलेल्या मजकुरात अवघड शब्द कुठे आहे हे लांबूनच दिसते आणि सगळे लक्ष त्याच्याकडे लागते. कागदावर फक्त मुद्दे असावेत.

आपलाच आवाज क्षणभर उशिरा कानात ऐकवणारी उपकरणे आणि अ‍ॅप्सही मिळतात. काहींचे बोलणे त्यामुळे सुधारते, मात्र सर्वांचे नाही, आणि काहींच्या बाबतीत परिणाम कालांतराने ओसरतो. महाग उपकरण घेण्याआधी ते वापरून पाहावे. औषधाच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. तोतरेपणा बरा करणारे कोणतेही औषध आजवर सिद्ध झालेले नाही.

मोकळा_सूर:

एक राहिले होते. तुम्ही थांबलात की कोणी तरी मदतीच्या भावनेने तुमचा शब्द पूर्ण करील, आणि कदाचित तो चुकीचाही असेल. अशा वेळी मान डोलावून पुढे जाण्याचा मोह होतो. तसे न करता, तुम्हाला जो शब्द म्हणायचा होता तोच, लागेल तेवढा वेळ घेऊन, स्वतः म्हणा आणि मगच पुढच्या मुद्द्याकडे वळा.