वेताळाच्या कथांमधल्या विसंगती: थोडी भर

वेताळ (फँटम) या चित्रकथेतल्या विसंगतींची चर्चा निघाली की कुणीतरी म्हणतंच, "कॉमिकच तर आहे, एवढा काथ्याकूट कशाला?" हा मुद्दा वेताळाच्या बाबतीत मला अजिबात पटत नाही. त्या चित्रकथेचा पायाच वंशपरंपरेवर आहे. एकविसावा वेताळ, कवटीच्या गुहेत पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेल्या बखरी, प्रत्येक पूर्वजाची नोंद! लेखकाने स्वतःच इतिहास इतका पवित्र मानायला लावल्यावर वाचक तारखा ताडून बघणारच.

वेताळाचे लेखक ली फॉक यांनी १९३६ साली सुरुवात केली तेव्हा जिमी वेल्स हा श्रीमंत, ऐशआरामी तरुणच वेताळ असावा असं सुचवलं होतं. पुढे तो धागा सरळ सोडून दिला. ते एक वेळ चालेल, गोष्ट तेव्हा आकार घेत होती. पण वेताळ राहतो ते जंगल? ते आधी आशियात होतं, नंतर आफ्रिकेत गेलं, आणि जाताना वाघही घेऊन गेलं. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समध्ये त्या जंगलाच्या देशाचं नाव डेंकाली झालं, त्यामुळे इथल्या वाचकांचा गोंधळ दुप्पट.

वेताळाच्या जुळ्या मुलांच्या वयाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. किट आणि हेलॉइज १९७९ मध्ये जन्मले, तरी ते अजून तरुणच आहेत. वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीत काळ असाच सावकाश सरकतो, तो संकेत आपण मान्य केलेला असतो. बखरीत आधी एक आणि नंतर भलतंच लिहिलेलं दिसलं, की मात्र खरंच जीव तुटतो.