अनुभव धागा : डोंगरातल्या लिहित्या माणसांच्या बैठका

पेठेतला वाचक :

गेल्या मार्गशीर्षात वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या एका वाडीवर कवितावाचनाला जाण्याचा योग आला. देवळाच्या सभामंडपात चौदा माणसे होती आणि त्यांपैकी नऊ जणांनी वाचले. न वाचणाऱ्या पाचांतले एक वृद्ध गृहस्थ प्रत्येक कवितेनंतर शांतपणे ‘पुन्हा म्हणा’ असे सांगत, आणि वाचणाराही निमूटपणे पुन्हा म्हणे. १९०६ पासून साहित्य परिषद असलेल्या आणि दर आठवड्याला चार-दोन प्रकाशन समारंभ होणाऱ्या आमच्या पुण्यात मला आजवर कोणी कविता पुन्हा म्हणायला सांगितलेले नाही.

मावळ, मुळशी, वेल्हे, भोर, आंबेगाव आणि जुन्नर या डोंगरपट्ट्यातल्या लिहिणाऱ्यांनी, तसेच तिथून उठून पुण्यात आलेल्यांनी, आपापले अनुभव येथे लिहावेत अशी विनंती आहे. आपण कोठे जमता, कोण ऐकते, खर्च कोण सोसतो आणि बैठक मोडते ती कशाने, एवढे सांगितले तरी पुरे. पहिले ग्रंथकार संमेलन १८७८ साली पुण्यात भरले आणि १८८५ च्या सभेला येण्यास महात्मा फुले यांनी नकार दिला, तेव्हापासून सभेत कोण बसतो आणि बाहेर कोण राहतो याचा वाद चालू आहे. तो वाद येथे पुन्हा उकरू नये. स्वतःच्या कविता आणि प्रमाणपत्रांची छायाचित्रेही कृपया येथे टाकू नयेत.

मुक्कामी :

वेल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात मी अकरा वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होतो. आमच्या बैठकीला नाव नव्हते, अध्यक्ष नव्हता आणि तारीखही ठरलेली नसे. स्वारगेटहून येणारी मुक्कामी एसटी अंधार पडल्यावर गावात पोहोचायची आणि पहाटे परत निघायची. पुण्याहून किंवा नसरापूरहून जो कोणी येई त्याला रात्री परतण्याचा मार्गच नसे, आणि आमच्या बैठकीचे सारे बळ त्या एका अडचणीत होते. जेवणे आटोपली की नऊला वाचन सुरू होई. अकरापर्यंत बहुतेकांच्या तयार कविता संपत आणि त्यानंतर माणसे वहीतले अर्धवट, खोडलेले, लाजत लाजत काढू लागत. खरी बैठक अकरानंतरचीच, असे माझे मत आहे.

चालक आणि वाहक शाळेच्या पडवीतच झोपत असल्यामुळे ते आपोआप श्रोते झाले. त्यांतला एक वाहक पुढे स्वतः लिहू लागला. तिकीटयंत्राच्या उरलेल्या कागदी गुंडाळीवर तो लिहीत असल्यामुळे त्याची ओळ कधी चार शब्दांपलीकडे गेली नाही, आणि आमच्यापैकी सर्वांत नेटके लिहिणारा तोच होता. भाकरी-पिठल्याची पाळी घरोघर फिरे. आम्हा शिक्षकांची पाळी आली की पिठले पातळ होते, अशी तक्रार मात्र कायम राहिली.

एक गोष्ट शहरातल्या वाचकांना कदाचित सहज लक्षात येणार नाही. गावात कवितेवर मत देणे महाग पडते. ज्याच्या कवितेला तुम्ही ‘जुळवाजुळव’ म्हणाल, त्याच्याच पंपावरून उद्या तुम्हाला पाणी घ्यायचे असते. आमच्याकडे एका शब्दावरून सुरू झालेले बोलणे शेताच्या बांधापर्यंत गेले आणि दोन सख्खे शेजारी पुरता एक हंगाम एकमेकांशी बोलले नाहीत. त्यानंतर आम्ही असे ठरवले की मत द्यायचे नाही, फक्त प्रश्न विचारायचा, आणि तोही एकच. ‘या ओळीतली म्हातारी घरी का गेली नाही?’ असा प्रश्न आला की कवी गप्प बसे आणि पुढच्या खेपेला कविता बदलून आणी. टीकेने जे साधले नसते ते प्रश्नाने साधले.

जात्याकाठची :

मी मुळशी तालुक्यातली सून आहे. माहेर पुण्यात कसब्यात. लग्न होऊन आले तेव्हा मी कविता लिहिते याचे घरात कौतुक झाले, परंतु सासूबाई काय करतात हे माझ्या लक्षात यायला सहा वर्षे लागली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि ओव्या किती येतात याची मोजदाद त्यांनी स्वतःही केली नव्हती. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी १९८० च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम याच डोंगरपट्ट्यातल्या बायकांसोबत सुरू केले, आणि पुढे राज्यभरच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या, ही माहिती मला फार उशिरा, आणि तीही पुण्यातल्या एका व्याख्यानात मिळाली. त्या संग्रहातल्या ओव्या २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या जनसंग्रहाच्या संकेतस्थळावर मूळ आवाजात ऐकता येतात.

सासूबाईंना मोबाईलवर एक ओवी ऐकवली तेव्हा त्यांनी ती मध्येच तोडली आणि म्हणाल्या, ‘ही पौडाकडची दिसते, आमच्यात दुसरी ओळ अशी नाही.’ मग त्यांनी स्वतःची ओळ घातली. पाठभेद म्हणजे काय हे मी महाविद्यालयात दोन वर्षे शिकले होते. समजले ते त्या दिवशी. दळताना दोघी समोरासमोर बसत, एकीने ओळ टाकली की दुसरी ती उचलून पुरी करी, आणि पुढे कोणाची ओळ कोणती हे कोणालाच सांगता येत नसे. ज्या बैठकीचे अनुभव आपण येथे मागत आहात ती या घरांतून रोज पहाटे भरत होती, मात्र तिला श्रोते नव्हते, कारण ऐकणारीच पुढची ओळ म्हणणार होती.

गावात पिठाची गिरणी आली आणि ती बैठक मोडली. जाते गेल्याचा शोक करणाऱ्या कविता पुरुषांनीच जास्त लिहिल्या आहेत, हे मला येथे नोंदवावेसे वाटते. सासूबाईंना गिरणी आल्याचा आनंदच झाला होता, कारण पहाटे तीनला उठणे सुटले. लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर २०२५ साली दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, ती बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी विचारले, ‘त्यांना दळता येतं का?’ मी म्हणाले, विचारून सांगते.

रेंजवाला :

मूळ गाव भोरच्या वर, वरंधा घाटाच्या वाटेला, नोकरी हिंजवडीत. आमच्या गावात मोबाईलला रेंज फक्त शाळेमागच्या टेपाडावर मिळते, म्हणून आमचे कवी रात्री तेथे जाऊन आपल्या आवाजातली कविता गटावर पाठवतात. वाऱ्याचा आवाज इतका असतो की अर्धी कविता ऐकू येत नाही, तरी प्रत्येकाला किमान तीस नमस्कार आणि टाळ्या मिळतात. मी एकदा प्रामाणिकपणे ‘नीट ऐकू आली नाही’ असे लिहिले, तर मी शहरात जाऊन बदललो असे ठरले. याहून अधिक सांगण्यासारखे माझ्याकडे नाही.

पडकई :

आंबेगावच्या पश्चिम भागात उतारावर दगडाचे बांध घालून भातखाचरे तयार करायची असली की सगळे मिळून आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या रानात राबतात. याला आमच्या महादेव कोळी समाजात पडकई म्हणतात. आम्ही सहा जण लिहिणारे आहोत आणि एकमेकांचे लेखन तपासण्यालाही आम्ही पडकईच म्हणतो. आठवड्यात एकाची कथा किंवा कविता घ्यायची, सर्वांनी तिच्यावर काम करायचे, ज्याचे लेखन असेल त्याने चहा द्यायचा. भात घरात आल्यापासून राब भाजायचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून ठेवायचे, दिवस येईपर्यंत हे चालते. पावसाळ्यात कोणी लिहीत नाही, आणि लिहिले तरी दाखवायला येत नाही. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपे लावण्याच्या, दिवसांत ‘पावसाची कविता’ मागणाऱ्या संपादकांनी एकदा गुडघाभर चिखलात वाकून पाहावे.

३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. त्यांत आमची माणसे होती, सोयरे होते. पुढच्या महिन्याभरात पुण्यात आणि इतरत्र माळीणवर इतक्या कविता वाचल्या गेल्या की आम्हाला निमंत्रणे नाकारता नाकारता संकोच होऊ लागला. एका कार्यक्रमाला मी गेलो. ‘गाव’ आणि ‘घाव’ हे यमक त्या संध्याकाळी मी चार वेळा ऐकले. वाचणाऱ्यांची कळकळ खोटी होती असे मी म्हणणार नाही. एक कवी तर वाचताना खरोखर रडले. परंतु आम्ही सहा जण त्या वर्षी मार्गशीर्षात जमलो तेव्हा कोणीही वही आणली नव्हती. चहा झाला, पडझड झालेल्या बांधांविषयी बोलणे झाले, आणि आम्ही उठलो. त्या हंगामात असे बहुधा सात-आठ वेळा झाले. लेखन न करता जमणे हासुद्धा लेखकांच्या सहवासाचा भाग असतो का, हे मला सांगता येत नाही, परंतु त्या वर्षी आम्ही जमणे थांबवले असते तर पुढे पडकई पुन्हा सुरू झाली नसती, याची मला खात्री आहे.

जुळारी :

मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ अक्षरजुळणीचे काम करतो आणि डोंगरातल्या कवींची बरीच पुस्तके माझ्या हातून गेली आहेत. तीनशे प्रती, सहा फॉर्म (म्हणजे शंभरेक पाने), मुखपृष्ठावर बहुतेक वेळा उगवता सूर्य. पैसे कवीचे असतात. कधी म्हैस विकून, कधी पतपेढीचे कर्ज काढून आणलेले. त्यांतल्या शंभरेक प्रती वाटल्या जातात आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली जातात. ‘सहभाग शुल्क’ भरले की राज्यस्तरीय पुरस्कार देणाऱ्या एका मंडळाने माझ्या एका ग्राहकाकडून दोनदा पैसे घेतले आणि सन्मानचिन्हावर त्याचे आडनाव चुकवले. तो म्हणाला, ‘असू द्या, गावात कोणी वाचत नाही.’

माझ्या धंद्याचीही एक चूक कबूल करतो. मुद्रितशोधन करणाऱ्या गृहस्थांना मावळी शब्द अशुद्ध वाटत. एका कवीच्या ‘आवण’ या कवितेचे त्यांनी ‘लावणी’ केले, कारण भाताच्या रोपांची लावणी असा अर्थ त्यांनी बरोबर शोधला होता. पुस्तकाचेही नाव तेच होते. चित्रकाराने ‘लावणी’ एवढेच वाचले आणि मुखपृष्ठावर घुंगरू काढले. कवी वारकरी होते. प्रकाशनाच्या दिवशी त्यांनी एक अक्षर काढले नाही. प्रतींना वर्तमानपत्राचे वेष्टन घालून त्या तशाच पाहुण्यांच्या हाती दिल्या. त्यानंतर मी कोणताही बोली शब्द कवीला दूरध्वनी केल्याशिवाय बदलत नाही.

पेठेतला वाचक :

सर्वांचे आभार. एक प्रश्न राहून राहून मनात येतो. वेल्ह्याच्या त्या चौदांत एकच स्त्री होती आणि तीही पहिल्या अर्ध्या तासात वाचून निघून गेली. ‘मुक्कामी’ यांच्या रात्रीच्या बैठकीत स्त्रिया येत असत का?

जात्याकाठची :

त्यांच्या वतीने मीच सांगते. पिठले करणाऱ्या स्त्रिया आत असत. त्यांतल्या एखादीने भिंतीआडून किती ऐकले आणि किती वहीत लिहिले, हे अकरानंतरही बाहेर आले नसेल.

मुक्कामी :

त्यांचे म्हणणे खरे आहे आणि मला त्याचे उत्तर नाही. माझ्या पत्नीची वही मला तिथून बदली झाल्यावर सामान बांधताना सापडली. तिच्यात बैठकीतल्या प्रत्येक कवितेविषयी एक प्रश्न लिहिलेला होता, आणि आम्ही विचारलेल्यांपेक्षा ते बरेच बरे होते. ती वही तिने मला पूर्ण वाचू दिली नाही.

आता राहिले बैठकीचे. ती अजून भरते, मी वर्षातून दोनदा जातो. मात्र मुक्कामी गाडी बंद झाली आहे. सगळे दुचाकीने येतात, रस्ताही चांगला झाला आहे, आणि दहा वाजले की एकेक जण किल्ली चाचपू लागतो. तयार कविता तेवढ्या वाचून होतात.