मॅसी हॉल १९७१ आवडलं म्हणून 'हार्वेस्ट' भंगारात घालायचा का?

कडूकारलं

'आवडत्या मैफली'च्या धाग्यावर 'तिसरी घंटा' यांनी परवा लिहिलं : "नील यंगचं मॅसी हॉल १९७१ ऐकल्यापासून 'हार्वेस्ट' ऐकवत नाही. स्टुडिओ म्हणजे मेकअप, मैफल म्हणजे चेहरा." (नील यंग म्हणजे कॅनडाचा गायक-गीतकार; मॅसी हॉल १९७१ ही त्याची टोरांटोतली एकट्याची मैफल, 'हार्वेस्ट' हा नंतरचा स्टुडिओ अल्बम.) त्यावर धडाधड +१. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून हा वेगळा धागा.

एक गिटार, बाजूला पियानो, स्टेजवर दुसरं कोणी नाही, एवढ्यावर गाणं आपोआप 'खरं' होतं, हे ठरवलं कोणी? त्या दौऱ्यात यंग एकटा बसून गात होता त्यामागे त्याची पाठही होती. मणक्यातली चकती सरकलेली, जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून उभं राहणं जमत नव्हतं. पाठदुखीने लावलेली शिस्त, आणि आपण तिला साधना समजून हात जोडतोय.

१९ जानेवारी १९७१ ला तो टोरांटोत गायला. तीन आठवड्यांच्या आत नॅशव्हिलला त्यानेच 'हार्ट ऑफ गोल्ड' बँड घेऊन रेकॉर्ड केलं, मागे आवाज द्यायला जेम्स टेलर आणि लिंडा रॉनस्टॅट. कोणी कान धरून नेलं नव्हतं. त्याचा निर्माता डेव्हिड ब्रिग्ज हटून बसला होता की ही मैफलच अल्बम म्हणून काढू. यंगने ऐकलं नाही. १९७२ ला 'हार्वेस्ट' आला आणि त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपला. मैफल डब्यात गेली ती २००७ ला बाहेर आली. छत्तीस वर्षं मुरलेलं लोणचं चांगलं लागणारच हो. त्यात कैरीचं श्रेय किती आणि बरणीचं किती, एवढंच विचारतोय.

तिसरी घंटा

नावानिशी धागा काढलात, धन्य झालो.

पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. २००७ ला ही सीडी काढताना यंगनेच लिहिलं की आज हे ऐकताना ब्रिग्जचा हट्ट का होता ते कळतं. ब्रिग्ज बिचारा १९९५ लाच गेला, त्याला हे ऐकायला मिळालं नाही. म्हणजे अशिलाने कबुली दिली तरी वकीलसाहेब अजून युक्तिवाद करतायत.

'अ मॅन नीड्स अ मेड' दोन्हीकडचं लागोपाठ ऐका. 'हार्वेस्ट'वर लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, जॅक नित्शेची अरेंजमेंट. एकट्या पुरुषाचं रडगाणं, आणि मागे राज्याभिषेक चाललाय. मॅसी हॉलला तेच नुसत्या पियानोवर आहे, आणि 'हार्ट ऑफ गोल्ड' त्याच्याच पोटातून निघतं, सुटं गाणं म्हणून येतच नाही.

आणि 'द नीडल अँड द डॅमेज डन' कुठलं, सांगू का? तुमच्या 'हार्वेस्ट'वरचंच, पण स्टुडिओतलं नव्हे. याच दौऱ्यातलं, ३० जानेवारीचं, लॉस एंजेलिसच्या रॉइस हॉलमधलं. मेकअपच्या डब्यात चेहऱ्याचा तुकडा ठेवावाच लागला शेवटी.

बर्फातलीबाई

टोरांटोहून. शटर स्ट्रीटवरच्या त्या हॉलसमोर उणे पंधरात रांगेत उभी राहिलेली आहे, म्हणून थोडा अधिकार. १८९४ चं बांधकाम, आत कमानीच कमानी, बाल्कनी इतकी जवळ की वाटतं गाणाऱ्याच्या टोपीत डोकावता येईल. डागडुजीसाठी २०१८ ला बंद झाला तो २०२१ ला उघडला.

'हेल्पलेस' गाण्यात ओंटारियोचं, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे त्याचं, नाव येतं तिथे टाळ्यांचा कडकडाट होतो. इथला कोणी मित्र घरी आला की ती जागा मला ऐकवतोच, आणि दर वेळी डोळे पुसतो. यंगचा जन्म टोरांटोचा, म्हणजे पोरगा गाव गाजवून घरी आलाय. त्या टाळ्या गाण्याला नाहीत, गावाला आहेत. आपल्याकडे नाटकात गावाचं नाव आलं की वाजतात, तशाच.

(गाण्यात 'उत्तर ओंटारियो' आहे. ज्या ओमिमीत त्याचं लहानपण गेलं ते पीटरबरोजवळ, म्हणजे उत्तर वगैरे काही नाही. कल्याणला विदर्भ म्हणण्यातला प्रकार.)

कडूकारलं

बाईंनी माझंच काम केलं. गावाला टाळ्या, गाण्याला नाहीत. मग त्या टाळ्यांनी भारावून आपण पुण्यात बसून अल्बमला पाच तारे का द्यायचे?

अजून ऐका. २०२१ ला यंगने 'यंग शेक्सपियर' काढला : कनेक्टिकटमधलं स्ट्रॅटफर्ड, २२ जानेवारी १९७१, मॅसी हॉलनंतर तीनच दिवसांनी. आणि म्हणाला, हे मॅसी हॉलपेक्षाही सरस, जास्त शांत, तिथला तो उत्सवी माहोल इथे नाही. पुढच्या वर्षी रॉइस हॉल आलं. १ फेब्रुवारीचं डोरोथी चँडलर पॅव्हिलियनही आलं. एका पंधरवड्याच्या चार मैफली, चार अल्बम, गाणी बरीचशी तीच. यातला चेहरा नेमका कोणता?

गुहागरकर

थोडं अवांतर, पण राहवत नाही.

तुम्ही चार अल्बम झाले म्हणून कुरकुरताय. आमच्याकडे एक निघत नाही! माझ्या मामाकडे ग्रुंडिगचा स्पूल रेकॉर्डर होता. गिरगावात घरगुती बैठका व्हायच्या, मामा माईक लावून कोपऱ्यात बसायचा. टेप महाग, म्हणून सेकंदाला पावणेचार इंचाच्या मंद स्पीडला, एका बाजूला तासभर. मामा गेल्यावर अकरा स्पूल निघाल्या. चारांवर पांढरी बुरशी. एकीला व्हिनेगरचा वास, टेप कुजायला लागली की येतो तो. एक मी एका स्टुडिओत डिजिटल करायला दिली. त्या भल्या माणसाने खरखर इतकी झकास काढली की खरखरीबरोबर तंबोराही गेला. बाई गातायत आणि मागे पोकळी. मी म्हटलं, "तंबोरा कुठाय?" म्हणाला, "तो नॉइज होता."

उरलेल्या दहा कपाटात आहेत. भीतीने कोणाला देत नाही. आणि ठाण्याचे एक संग्राहक होते, शेकडो तासांचा साठा. घरी बोलवायचे, चहा द्यायचे, ऐकवायचे, कॉपी मागितली की चेहरा पाडायचे. ते गेले आणि सगळं किलोवर गेलं. असल्या लोकांना संग्राहक म्हणायचं की नागोबा?

खुंटीवरचातंबोरा

नागोबा शब्द मागे घ्या. माझे वडील त्यातलेच.

बैठकीत माईक लावू देताना गायक सांगायचे, "तुमच्यापुरतं ठेवा." त्या शब्दावर लोकांनी चाळीस-चाळीस वर्षं टेपा सांभाळल्या, पावसाळ्यात कपाटात बल्ब लावून ठेवला, आणि आज तुम्हाला ते फुकट यूट्यूबवर हवंय. यंग स्वतः जिवंत आहे, स्वतःच्या हाताने काढतोय, आवडलं नाही तर थांबवेल. आमच्याकडचा गायक गेला, त्या रात्री त्याचा आवाज बसला होता, तिसऱ्या रागाला तो वैतागला होता. ते जगाला ऐकवायचा हक्क तुमच्या मामाला कोणी दिला?

गुहागरकर

मामाने निदान गाणं वाचवलं. शब्द पाळून तुमच्या वडिलांनी काय वाचवलं? बल्ब?

खुंटीवरचातंबोरा

वडिलांवर घसरलात. शाब्बास. हीच ती फुकट्यांची संस्कृती : दुसऱ्याने जन्मभर जपायचं, तुम्ही एका रात्रीत डाउनलोड करायचं, वर आवाज नीट नाही म्हणून तक्रार.

बर्फातलीबाई

दोघेही जरा पाणी प्या.

माझ्या आजोबांची एक कॅसेट आहे, गाणं नाही, नुसतं बोलणं. मध्ये कुकरची शिट्टी होते आणि आजी "गॅस बंद कर गं" म्हणते. ती शिट्टी कोणी काढून टाकली असती तर मी खून केला असता.

तिसरी घंटा

गुहागरकर, मुद्द्यात तुमच्या बाजूने, भाषेत नाही. कलाकाराने नको म्हटलेलं काढू नये, हे ऐकायला छान. पण यंगच्या याच दौऱ्याच्या चोरट्या एलपी तेव्हापासून बाजारात फिरत होत्या. त्याने शेवटी काय केलं? 'ऑफिशियल बूटलेग' म्हणून स्वतःच मालिका काढली. चोरांशी भांडण्यापेक्षा चांगली टेप देऊन त्यांचं दुकान बसवलं. आपल्याकडे पुण्याच्या अलूरकरांनी मैफलींच्या कॅसेट काढल्या नसत्या तर माझ्या पिढीला मल्लिकार्जुन मन्सूर ऐकायला रेडिओची वाट बघत बसावं लागलं असतं. त्यासाठी कोणीतरी कपाट उघडलंच ना?

खुंटीवरचातंबोरा

उघडलं. विचारून, नाव देऊन, पैसे देऊन. हे तिन्ही करणारा आणा, मी उद्या किल्ली देतो. तोवर 'कला ही सर्वांची' हे मला शिकवू नका.

गुहागरकर

म्हणजे किल्ली आहे तर. बरं, बल्बबद्दल माफी. संग्राहकांबद्दल नाही.

कडूकारलं

माझ्या धाग्यात माझं तेरावं घातलंत आणि जेवणावळीवरून भांडताय. चालू द्या.

दरम्यान काल रात्री हेडफोन लावून मॅसी हॉल पुन्हा ऐकलं, दुरुस्तीला काही सापडतं का म्हणून. तिसरी घंटा यांनी सांगितलेली जागा आली. 'मेड' चालू असताना पियानोवर 'हार्ट ऑफ गोल्ड' सुरू होतं. आज यंगने त्याचे पहिले दोन सूर वाजवले तरी हॉल ओरडतो. इथे कोणी हूं की चूं करत नाही. करणार कसं? रेकॉर्ड यायला अजून वर्ष आहे. पुढे हे गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर जाणार आहे आणि हॉलमध्ये एकालाही ते माहीत नाही, गाणाऱ्यालाही. कोणीतरी खोकतं, तो तसाच पुढे गात जातो.

हे स्टुडिओत मिळत नाही. मान्य. लंडन सिंफनीचं पंचपक्वान्नही अंगावर येतं, तेही मान्य, १९९८ पासून मान्य आहे, फक्त सांगितलं नव्हतं. पण 'ओल्ड मॅन'मध्ये जेम्स टेलरचं बँजो शिरतं ती जागा मैफलीत नाही म्हणजे नाहीच. आणि मेकअप-चेहरा ते वाक्य अजूनही भिकारच आहे.

तिसरी घंटा

वाक्य भिकार, हे कबूल. घाईत लिहिलं होतं. बँजोबद्दल विचार करतो. (करणार नाही.)

गुहागरकर

ते सगळं ठीक. तंबोरा न काढता स्पूल उतरवून देईल असा माणूस माहितीत आहे का कोणाच्या? व्हिनेगरचा वास येतो ती आधी द्यायची आहे.

खुंटीवरचातंबोरा

व्यक्तिगत निरोप पाठवलाय. वास येणारी वेगळ्या डब्यात ठेवा, बाकीच्यांनाही लागते ती. आणि मशीनवर चढवून बघू नका, तुटेल.