एडिंबरा एकटीने, कानात ऑडिओ टूर लावून: जमेल का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, कॉलेज रोडला राहते. गेल्या वर्षी विमा कचेरीतून निवृत्त झाले. लेक स्कॉटलंडमध्ये एडिंबऱ्याला एमएस्सी करते आहे, मे महिन्यात बारा दिवस तिच्याकडे जाणार आहे. ह्यांचं दुकान असल्यामुळे मी एकटीच. लेक सकाळी नऊला लॅबमध्ये जाते ती पाचशिवाय उगवत नाही. "आई, ऑडिओ टूर लाव आणि फिर, एकदम सोपं असतं," म्हणाली. सोपं तिला! मला मॅपवरचा तो निळा ठिपका कुठे तोंड करून उभा आहे हेच कळत नाही.

गटाबरोबर जायचं नाही हे मात्र पक्कं. मागे राजस्थानला गेले होते, तिथे गाइडने छत्री वर धरली की सगळ्यांनी धावायचं. एका महालात जाळी बघत उभी राहिले, तर तेवढ्यात बस भरून माझ्या नावाने हाका सुरू. मला दगड बघायला वेळ लागतो, काय करू.

तर विचारायचं होतं की, हे ऑडिओ प्रकरण कुणी एकट्याने केलंय का? इंग्रजी सावकाश बोललं तर समजतं. उजवा गुडघा कुरकुरतो. रस्ता चुकले तर काय करायचं? आणि हो, वाटेत बाथरूमची सोय?

निखिल_पी

काकू, यूट्यूबवर फोर-केमध्ये सगळं आहे. घरी बसून बघा, गुडघ्याला पण आराम.

मास्तर_मखमलाबाद

निखिलराव, तुम्ही मिसळ पण यूट्यूबवरच खाता काय?

ताई, जरूर जा. मी २०२३ मध्ये मुलाकडे गेलो होतो, तेव्हा चार दिवस हेच केलं. भूगोलाचा मास्तर असून पहिल्या दिवशी पार फसलो, ते आधी सांगतो.

मी घेतलेली टूर अशी होती की तुम्ही चालत राहायचं, फोनला जागा कळली की आवाज आपोआप सुरू. एका रस्त्यावर उभा होतो, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि कानातली बाई सांगते आहे, "तुमच्या डोक्यावरची दगडी कमान बघा." डोक्यावर आभाळ! मॅप बघितला, ठिपका बरोबर जागी. दहा मिनिटं येड्यासारखा फिरलो. मग एका फटीतून खाली नजर गेली, तर पायाखाली तीन-चार मजले खाली दुसरा रस्ता, त्यावर माणसं चालताहेत. मी पुलावर होतो! त्या पुलाचं नाव साउथ ब्रिज, १७८८ सालचा. त्याला १९ कमानी आहेत, पण दोन्ही अंगांनी इमारती चिकटल्यामुळे उघडी दिसते एकच. खालच्या रस्त्याचं नाव काउगेट. मॅपवर दोन्ही रस्ते एकमेकांना छेदतात, प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो. हे एक डोक्यात ठेवलंत तर अर्धं एडिंबरा समजलं. ठिपका बरोबर असूनही माणूस चुकीच्या मजल्यावर असू शकतो.

गुडघ्यासाठी: मुख्य रस्ता रॉयल माइल. वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला होलीरूड राजवाडा, अंतर साधारण १.८ किलोमीटर. किल्ल्याकडून सुरू करा म्हणजे सगळा उतार. बऱ्याच टूर तिथूनच सुरू होतात. एकच रस्ता, पण नाव बदलत जातं: कॅसलहिल, लॉनमार्केट, हाय स्ट्रीट, कॅननगेट. त्याला दोन्हीकडून बोळ फुटतात, त्यांना 'क्लोज' म्हणतात. आपल्या जुन्या नाशकातल्या तिवंध्याच्या बोळांसारखेच अरुंद, फक्त भिंती सहा-सहा मजली आणि उतरायला पायऱ्या. ऑडिओवाली बाई प्रत्येक क्लोजमध्ये शिरायला सांगते. तिचं ऐकू नका! तिला गुडघे नाहीत. तोंडाशी उभं राहून ऐका, आत डोकवा, पुढे चला. शिरायचंच तर कॅननगेटवरच्या डनबार्स क्लोजमध्ये शिरा. आत जुन्या पद्धतीची छोटी बाग आहे, बाकं आहेत, बहुतेक पर्यटक बाहेरूनच पुढे जातात. मी तिथे टूर थांबवून तासभर बसलो आणि घरून आणलेला चिवडा संपवला.

सेंट जाइल्स चर्चपाशी फरसबंदीत दगडांचं एक बदामाच्या आकाराचं चित्र आहे, 'हार्ट ऑफ मिडलोदियन'. पूर्वी तिथे तुरुंग होता. लोक जाता-येता त्यावर थुंकतात, तसा रिवाजच आहे. आमच्या गल्लीतल्या तंबाखूवाल्यांना सांगितलं तर व्हिसासाठी रांग लावतील.

आणि एक वाजता सावध. किल्ल्यावरून रोज दुपारी एकला तोफ उडते, १८६१ पासून. लीथ बंदरातल्या जहाजांनी घड्याळं लावावीत म्हणून सुरू केली, रविवारी नसते. मी कानात बोळे घालून चहा पीत होतो. चहा कोटावर गेला.

सातपूरची_स्नेहा

मी तिथे तीन वर्षं काढली. काकांचं सगळं बरोबर, फक्त तांत्रिक भर घालते.

आपोआप सुरू होणारी टूर घेऊ नका, आकड्यांची घ्या. म्हणजे थांबा १, थांबा २, आपण बटण दाबायचं. उंच दगडी भिंतींवर सिग्नल आपटून फिरतो, त्यामुळे क्लोजमध्ये ठिपका उड्या मारतो आणि ॲप भलताच किस्सा सुरू करतं. शिवाय सतत जागा शोधत राहिलं की बॅटरी दुपारीच झोपते. टूर आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर उतरवून घ्या. ज्यात आवाजासोबत मजकूरही असतो ती बघा. स्कॉटिश उच्चार नाही समजला तर वाचता येतं. वेग कमी करायची सोय असते, पाऊणपट ठेवा.

इअरफोन एकाच कानात. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, तेवढं बरं आहे.

बाथरूमसाठी चेंबर्स स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम. प्रवेश फुकट, स्वच्छ, आत कॅफे. मी तर पावसात दर वेळी तिथेच शिरायचे. मे महिन्यातही दुपारी १४-१५ अंशच असतं आणि वारा छत्री उलटी करतो, तेव्हा टोपीवालं जॅकेट न्या. पेढे किंवा खव्याचं काही नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. लेकीला चिवडा चालेल.

एक सुचवू? जायच्या आधी इथेच सराव करा. रविवार कारंजा ते रामकुंड. जुन्या नाशकातल्या एखाद्या माहीतगार माणसाकडून आवाज रेकॉर्ड करून घ्या आणि इअरफोन लावून एकट्या चाला. थांबवायचं कधी, पुढे ढकलायचं कधी, रस्ता आणि आवाज जुळले नाहीत तर काय, हे हाताला सवयीचं झालं पाहिजे. तिथे जाऊन शिकलात तर पहिले दोन दिवस त्यातच जातात.

निखिल_पी

रविवार कारंजावर इअरफोन? काकू, विमा आहे ना?

गोदाकाठची

निखिल, विम्यातच आयुष्य गेलं बाळा.

स्नेहा, मास्तर, आभार. अकरा दिवसांनी लिहिते आहे कारण सराव करून आले!

माझा दादा ७१ वर्षांचा, तिवंध्यात वाढला, आता डोंबिवलीला असतो. त्याला म्हटलं, मला जुन्या नाशकातून आवाजाने चालव. आधी हसला, मग एका रात्रीत व्हॉट्सॲपवर चौदा व्हॉइस नोट्स पाठवल्या. रविवारी सकाळी सातला गेले, गर्दी व्हायच्या आत.

पहिली गंमत म्हणजे एक नोट संपली की पुढची आपोआप सुरू होते, हे मला माहीत नव्हतं. मी सराफ बाजारात एका वाड्याच्या दाराची कडी बघत उभी, आणि दादा तोवर सरकारवाड्याचा दगडी जोता आणि लाकूडकाम सांगून भांडी बाजारात पोचला. राजस्थानची बस आठवली. मग शिकले, नोट संपत आली की बोट तयार ठेवायचं.

दुसरं म्हणजे दादाचं नाशिक १९७५ सालचं. "कोपऱ्यावर कल्हईवाला बसतो, तिथून उजवीकडे." कोपऱ्यावर मोबाइलची कव्हरं लटकलेली. कल्हईवाला कुठून आणू? दोनदा चुकले, एकदा तर कुणाच्या तरी चौकात शिरले. आजी अंगणात पाणी तापवत होत्या, "कोणाकडे आलात?" म्हणाल्या. सांगितलं, भावाने पाठवलं. त्यांनी त्याचं आडनाव विचारलं, मग त्याच्या कल्हईवाल्याचा कोपरा दाखवला. मी बघत होते त्याच्या एक बोळ अलीकडे. इअरफोन काढून खिशात टाकला आणि पंधरा मिनिटं त्यांचंच ऐकलं.

मग खाली नदीवर. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी दादाची सगळ्यात लांब नोट होती. १९६९ च्या पुरात तो पंधरा वर्षांचा. मारुतीला कुठवर पाणी लागलं यावर घरात पैजा चालायच्या, आणि आमच्या वडिलांनी त्याला नदीकडे गेला म्हणून बदडलं, ते त्याने अगदी चवीने सांगितलं. हे मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हतं. पूल ओलांडून पलीकडे गेले. नारोशंकराच्या देवळापाशीची नोट फक्त चार सेकंदांची: "आलीस? आता वर बघ." वर ती घंटा, वसईच्या विजयाची आठवण म्हणून लावलेली. तिला पाणी लागलं की मोठा पूर, असं आपल्याकडे म्हणतातच. कॉलेज रोडवरून हजार वेळा पंचवटीत गेले असेन, पण मान वर करून तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

गुडघ्याचा हिशेब: अडीच तास, दोन चहा, घाटाच्या पायऱ्यांवर जरा दुखला. मास्तरांचा उतारावरून सुरू करायचा सल्ला म्हणूनच पटला. आकड्यांची टूर लेकीने शोधून ठेवली आहे, मजकुरासकट.

दादाला म्हटलं, एडिंबऱ्याचंही सांग की. म्हणाला, "तिथलं तू मला पाठव, मी डोंबिवलीच्या गॅलरीत चालेन." सगळ्यात आधी ती एकची तोफ रेकॉर्ड करायची आहे. पण विमान शनिवारी रात्री पोचतंय, म्हणजे सोमवारपर्यंत थांबावं लागणार.