सेकंड लाइफमधली १८+ फोटोग्राफी: पैसे आणि वेळ नक्की किती जातो?

निळासावळा_नाशिक:
नमस्कार मंडळी. सेकंड लाइफमध्ये (अवतार घेऊन फिरायचं ते ऑनलाइन थ्रीडी जग) बरेच दिवस पडीक आहे पण आत्तापर्यंत फक्त लँडस्केप काढायचो, सूर्यास्त, दीपगृह, धुकं वगैरे. आता तिथल्याच ओळखीच्या एका जोडप्याने विचारलंय की आमचे बेडरूममधले जरा बोल्ड फोटो काढून देशील का. माझी हरकत नाही, पण त्यांचं म्हणणं असं की कॅमेरा तर फुकटच असतो, बटण दाबायचं फक्त. फ्लिकरवर लोकांचं काम बघून तर तसं वाटत नाही राव. कुणी करत असेल तर सांगा, खिशाला किती चाट बसते आणि एका फोटोमागे वेळ किती जातो? दुकान टाकायचं नाहीये, हौसच आहे.

धूसरसई:
बटण दाबणं फुकट आहे हे खरंय, डिस्कवर सेव्ह केलं तर काहीच जात नाही, इन्व्हेंटरीत, म्हणजे तिथल्या आपल्या सामानात घेतलं तर १० लिंडेन (तिथलं चलन). खर्च सगळा त्याच्या आधीचा. डॉलरला साधारण २५० लिंडेन धरा, म्हणजे हजार लिंडेन म्हणजे साडेतीनशेच्या आसपास रुपये. चांगली मेश बॉडी (अवताराचं विकतचं थ्रीडी शरीर) अडीच ते पाच हजार लिंडेन, डोकं वेगळं, त्याचे चारेक हजार, चेहऱ्याची स्किन वेगळी, बॉडीची वेगळी, केस वेगळे, आणि कपडे काढायचे असतील तर खालचे अवयवसुद्धा वेगळे विकत घ्यायचे, नाहीतर बाहुलीसारखं सपाट दिसतं. तुमचं जोडपं स्वतःचं सगळं घेऊन येणार म्हणून तुम्ही सुटलात. पण सरावासाठी स्वतःचाच दुसरा अकाउंट उभा करायचा म्हटलं की हाच खर्च परत, कारण बहुतेक वस्तू नो ट्रान्सफर असतात, एका अकाउंटचं दुसऱ्याला देता येत नाही. त्यावर पोझचे पॅक, बेड, पडदे, लाइट. एकेक वस्तू शे-दोनशे लिंडेनची असते म्हणून कळत नाही, महिन्याच्या शेवटी कार्डाचं स्टेटमेंट आलं की कळतं, वर परकीय चलनाचा बँकेचा जादा चार्ज.

पण पैशाचं सोडा, वेळ खातो तो दोघांचा फोटो. एकटा अवतार असेल तर संध्याकाळी बसून रात्री जेवणापर्यंत होतो. दोघं असले की पोझ बनवणाऱ्याने धरलेली उंची वेगळी आणि आपल्या लोकांची वेगळी, मग हिचा हात त्याच्या पाठीत घुसलेला, त्याची हनुवटी हिच्या खांद्यात. आधी अख्खा अवतार पुढंमागं सरकवायचा, मग पोझरमध्ये (अवताराची हाडं वळवायचं टूल) जाऊन मनगट, बोटं, मान एकेक हाड फिरवायचं. मी ब्लॅक ड्रॅगन हा व्ह्यूअर (सेकंड लाइफ चालवायचं सॉफ्टवेअर) त्यासाठीच वापरते. अंगाला अंग लागलेलं खरं वाटायला हवं ना, या प्रकारात तेच तर बघतात लोक, लँडस्केपमध्ये दगड दोन इंच हवेत असला तरी कुणाला कळत नाही.

आणि नजर! अवतार कर्सरकडे बघतो हे माहितीच असेल. दुसऱ्याची नजर त्याच्या माउसवर, तो तिकडे चॅट करत बसला की इकडे डोळे छताला. चहा करायला उठला की आपोआप अवे (जागेवर नाही) लागतं आणि मान खाली, जमवलेली पोझ गेली. पहिल्यांदा त्यांना अवेचा टायमर बंद करायला सांगा, आणि एओसुद्धा (अवताराला आपोआप हलवत ठेवणारं साधन).

काटकसर_काका:
सईताईंचं बरोबर आहे पण घाबरवू नका हो पोराला. फायरस्टॉर्म व्ह्यूअर फुकट, फोटो एडिट करायचं गिंप फुकट, फायरस्टॉर्ममध्ये आता पोझरही आलाय. डेमो घालून बघितल्याशिवाय काही विकत घेऊ नका. वीकेंडला ५०-६० लिंडेनचे सेल असतात, ग्रुप गिफ्ट असतात, माझं अर्धं सामान त्यातलंच. लाइटचे महागडे सेट तर मुळीच घेऊ नका, सूर्य-चंद्र सोडून सावली पाडणारे प्रोजेक्टर लाइट एका वेळी दोनच चालतात, दहा लावले तरी बाकीच्यांची सावली येत नाही. पैसे घालायचेच तर ग्राफिक्स कार्डात घाला, सावल्या, डेप्थ ऑफ फील्ड आणि दोन केसाळ अवतार एकत्र चालू केले की माझा जुना लॅपटॉप विमानासारखा आवाज करायचा.

जागा मात्र लागते. तिथल्या जमिनीला वयाप्रमाणे रेटिंग असतं, तुमच्या लँडस्केपवाल्या जागा बहुतेक मॉडरेट (मधल्या रेटिंगच्या) असणार, तिथं उघड्यावर हे चालत नाही, अ‍ॅडल्ट रेटिंगची जमीन घेतलेली बरी. आकाशात छोटा स्कायबॉक्स (हवेत तरंगणारी खोली) भाड्याने घ्या नाहीतर त्या जोडप्याच्या घरीच काढा, भाडं वाचलं.

निळासावळा_नाशिक:
बापरे. म्हणजे फोटोपेक्षा आधीचीच तयारी जास्त. फ्लिकरला तरी फुकट अकाउंट चालेल ना? आणि एडिटिंगला किती जातो वेळ?

धूसरसई:
नाही चालत. २०२२ पासून फ्लिकरवर मॉडरेट आणि रिस्ट्रिक्टेड (बोल्ड आणि १८+) फोटो फक्त प्रो अकाउंटवाल्यांना, फी भरावी लागते. एडिटिंगचं म्हणाल तर कोपर आणि गुडघा वाकला की मेश चेपतं ते नीट करायचं, केसांच्या बटा खांद्यातून आरपार जातात त्या हाताने रंगवायच्या, दोघांच्या स्किनचा शेड जुळवायचा. मला शूटइतकाच वेळ लागतो, कधी जास्तच.

रात्रपाळी_वकील:
मध्येच येतो. भारतात बसून हे पब्लिक टाकणार असाल तर आयटी अ‍ॅक्टचं कलम ६७ आणि ६७अ एकदा वाचा. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात अश्लील किंवा उघड लैंगिक मजकूर प्रसिद्ध करण्याबद्दल आहेत, ६७अ मध्ये पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. खरा माणूस की अवतार असा फरक कलमात केलेला नाही. त्यांना खाजगीत फाइल देताना पण विचार करा, ६७अ मध्ये पाठवणंही येतं. मी स्वतः फक्त सूचक काढतो, चादर, पाठ, खांदा. तेच जास्त छान दिसतात असं माझं मत, सईताई भांडतील.

धूसरसई:
भांडणार नाही, तेही मला आवडतात, फक्त चादर हा मेशमधला सर्वात हट्टी प्रकार आहे, अंगावर नीट बसली तर शप्पथ.

नाशिककर, त्या जोडप्याचं. पैसे मागायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी ओळखीत घेत नाही पण पोझचा पॅक त्यांनाच निवडून विकत घ्यायला लावते, त्यात ते स्वतः डेमो स्टँडवर उभे राहून राहून कंटाळतात आणि मग बटणाचं कुणी बोलत नाही. दोघं कुठले आहेत ते आधी विचारा. अमेरिकेतले असतील तर त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ, ऑफिस असेल तर रविवारी सकाळीच धरा, तिकडे शनिवारची रात्र असते. आणि फोटो कुठं टाकायचा, दोघांची नावं द्यायची की नाही, हे दोघांकडून वेगवेगळं लिहून घ्या, एकाने दोघांच्या वतीने हो म्हटलेलं धरू नका.

निळासावळा_नाशिक:
विचारलं. एक ब्राझीलचा, एक जपानची. कपाळ!